उस्मानाबाद नावाचं फोल्डर

कॉम्प्युटरला गावाच्या नावाचं राजकारण कळत नाही. त्याला फटाके नाहीत, निषेध नाही, सत्कार नाही. काल ज्या नावानं वस्तू ठेवली त्या नावानं ती आज सापडली नाही, की तो एकच वाक्य म्हणतो, ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.’ आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य निरनिराळ्या खिडक्यांवर, निरनिराळ्या शब्दांत ऐकलं आहे. मला ते ऐकवलं एका जुन्या शाळेतल्या लिनक्सच्या मशीननं. त्या दुरुस्तीत जे कळलं ते इथं लिहितोय. त्यातला काही भाग पायथन वापरणाऱ्या मुलामुलींच्या कामाचा आहे. बाकीचा, ज्यांच्या कागदावर जुनं नाव आहे त्या सगळ्यांच्या.

आधी तारखा सांगून टाकतो, म्हणजे वाद तिथंच राहील. जून २०२२ मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळानं नामांतराचा निर्णय घेतला, जुलैत नव्या सरकारनं तो पुन्हा घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं मान्यता दिली आणि उस्मानाबाद शहर धाराशिव झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचंही नाव बदलल्याची अधिसूचना निघाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या. २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनची पाटी बदलली आणि तिच्याबरोबर स्टेशनचा कोडही बदलला, यूएमडीचा डीआरएसव्ही झाला.

जे बदललं नाही तेही बघा. पिन कोड ४१३५०१ तोच आहे. गाडीवर एमएच २५ तेच आहे. आणि बाजारात काळीभोर शेळी घ्यायला आलेला माणूस अजून ‘उस्मानाबादी’च मागतो, कारण देशी शेळ्यांच्या यादीत त्या जातीचं नाव तेच आहे.

आमच्या घरात दोन्ही नावं सुखानं नांदत होती. नानी खेड्यातली, तिच्या तोंडी शेवटपर्यंत ‘धाराशिव’. अब्बा नोकरीतले, कागदावर सह्या करणारे, त्यांच्या तोंडी ‘उस्मानाबाद’. कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही. बोलणाऱ्या माणसांचं असंच असतं, दोन नावं एका गावाला लागतात हे त्यांना ठाऊक असतं. कॉम्प्युटरला ते सांगून ठेवावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. शहरातल्या एका जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आहे. ज्यांनी कधी शाळेत दाखल्यासाठी खेपा घातल्यात त्यांना हे रजिस्टर म्हणजे काय ते सांगायला नको. मूल दाखल झालं की त्यात एक ओळ पडते. नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख. पन्नास वर्षांनी कुणी आलं की त्याच ओळीवरून निर्गम उतारा निघतो. खंड बरेच, काहींची पानं बिस्किटासारखी मोडणारी. त्यातली एक ओळ शोधायला कधी अर्धा दिवस जातो, आणि दर वेळी पानांचा थोडा भुगा होतो.

माझी भाची कॉम्प्युटर सायन्स शिकते. तिनं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून या रजिस्टरसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पानांचे फोटो काढले, ओळी टाइप केल्या. नाव टाकलं की खंड, पान, ओळ आणि त्या पानाचा फोटो समोर येतो. दाखला मूळ रजिस्टरवरूनच द्यायचा. प्रोग्रामनं फक्त बोट दाखवायचं. टायपिंगचं बरंचसं काम मी केलं. मी प्रोग्रामर नाही, बरीच वर्षं डीटीपी केलंय आणि लिनक्स वापरतो, एवढंच.

सगळं काम ज्या फोल्डरमध्ये होतं त्याचं नाव ‘उस्मानाबाद’ होतं. शाळेत कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या एका उत्साही मुलानं एके दिवशी त्याचं ‘धाराशिव’ केलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शाळेच्या पाटीवर, शिक्क्यावर, लेटरहेडवर नवं नाव आलं होतं, मग फोल्डर का मागं ठेवायचं, एवढाच त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले. चाळीस वर्षं भोसरीच्या कारखान्यांतून कामं केलेली. वय अठ्ठावन्न, भविष्य निर्वाह निधीतून पेन्शन सुरू व्हायच्या वयाचे. आधारवर एक जन्मतारीख, कारखान्याच्या कागदावर दुसरी. दोन्हींत खरी कुठली ते सांगणारा एकच कागद उरला होता, शाळेचा दाखला. चौथीपर्यंत इथं शिकलेले. रात्रीच्या एसटीनं आले होते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं होतं, कारण रजा एकाच दिवसाची. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केलं तर मशीन म्हणालं, ‘लिंक तुटलेली आहे. कचरापेटीत टाकू का?’

हा प्रश्न मला फार खटकला. तुटली आहे म्हणून टाकायची? जिथं जायचं ते ठिकाण तर जागेवरच होतं.

इथं थोडं समजून घेऊ. लिनक्समध्ये वस्तू वेगळी आणि नाव वेगळं. प्रत्येक फाइलला, फोल्डरला आतून एक नंबर असतो, त्याला आयनोड म्हणतात. नाव म्हणजे यादीत त्या नंबरासमोर लिहिलेली अक्षरं. नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, आतला एक कागद हलत नाही. आमच्या एमएच २५ सारखंच. पण सिम्बॉलिक लिंक, ज्याला पोरं सिमलिंक म्हणतात, ती नंबर धरून ठेवत नाही. ती एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर पत्ता लिहिलेला, ‘अमुक गल्लीत अमुक घरी जा.’ ती लिहिताना घर आहे का हे कुणी बघत नाही, आणि घराचं नाव बदललं तर चिठ्ठीला कुणी कळवत नाही. बर्कलेच्या युनिक्समध्ये, १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून, ही सोय अशीच चालत आली आहे. स्वस्त, लवचीक आणि भोळी.

चिठ्ठी किती लहान असते ते डोळ्यांनी बघता येतं. (कमांड इथं उच्चारानं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) ‘एलएस -एल’ ही कमांड दिली की लिंकच्या पुढं बाण दिसतो आणि बाणापुढं पत्ता. शिवाय साइज दिसते. ती मूळ वस्तूची नसते, चिठ्ठीवरच्या अक्षरांची असते. ‘धाराशिव’ एवढंच लिहिलेल्या लिंकची साइज २१ बाइट, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं. ‘उस्मानाबाद’ची ३०. एका जिल्ह्याच्या नामांतराचा कॉम्प्युटरच्या लेखी हिशेब एवढा, नऊ बाइट कमी.

भाची संभाजीनगरला हॉस्टेलवर होती. फोन लावला. टर्मिनलवर जे दिसतंय ते मी वाचून दाखवलं, लाल अक्षरांत आलेली नावंही सांगितली. ती म्हणाली, “मामू, घबराओ नक्को. पैले ये देखो, टूटा क्या है और खाली दिखरा क्या है.”

याच वाक्यावर सगळी दुरुस्ती उभी आहे. म्हणून तिनं ज्या क्रमानं विचारलं त्याच क्रमानं सांगतो.

पहिला प्रश्न, कुठल्या लिंका मेल्यात? ‘फाइंड . -एक्सटाइप एल’ ही कमांड फोल्डरमधल्या सगळ्या मेलेल्या लिंका एका यादीत देते. आमच्याकडं डेस्कटॉपवर एक मेलेली निघाली आणि प्रोजेक्टच्या आत एक, ‘पानं’ नावाची, जी फोटोंच्या फोल्डरकडं जात होती. दोन्हींवर पूर्ण पत्ता लिहिलेला, मधे ‘उस्मानाबाद’.

दुसरा प्रश्न, लिंक शेवटी पोचते कुठं? ‘रीडलिंक -एफ’ शेवटचं ठिकाण सांगते. ‘नेमआय -एल’ त्याहून कामाची, कारण ती वाटेतला प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीवर दाखवते, आणि वाट नेमकी कुठल्या टप्प्यावर तुटली ते कळतं. सरकारी फाइल कुठल्या टेबलावर अडली हे सांगणारी अशी कमांड असती तर किती बरं झालं असतं.

तिसरा प्रश्न चुलीचा. भाचीनं प्रोग्रामच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला ‘चूल’ असं नाव दिलं होतं, आणि मला ते पटलं होतं. एकाच मशीनवर दहा प्रोजेक्ट असतात, प्रत्येकाला वेगळ्या लायब्रऱ्या, वेगळ्या आवृत्त्या लागतात. एकाच भांड्यात शिजवलं तर भांडणं होतात. म्हणून पायथनमध्ये प्रत्येकाची वेगळी चूल मांडतात. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय पायथनबरोबरच येते. चूल वेगळी असली तरी गॅसची लाइन एकच असते. एन्व्हायर्नमेंटमधलं पायथन हे बहुतेक वेळा पायथन नसतंच, मशीनच्या मुख्य पायथनकडं जाणारी सिमलिंक असते.

आता गंमत अशी की ही लिंक तुटली नव्हती. ती फोल्डरच्या बाहेर, मुख्य पायथनकडं जात होती, आणि तिकडं कुणी नाव बदललं नव्हतं. तुटलं होतं ते दुसरंच. एन्व्हायर्नमेंट सुरू करणाऱ्या ‘ॲक्टिव्हेट’ फाइलमध्ये आपल्या फोल्डरचा जुना पूर्ण पत्ता अक्षरांत लिहिलेला असतो. ती चालवली की टर्मिनलवर कंसात ‘चूल’ असं दिसतं, आपल्याला वाटतं चूल पेटली. पण ती ज्या फोल्डरकडं बोट दाखवते ते फोल्डर त्या नावानं नाही, म्हणून मशीन मुकाट्यानं बाहेरचं मुख्य पायथन घेतं. त्याच्याकडं आमच्या लायब्रऱ्या नाहीत. मग निरोप येतो, ‘फ्लास्क नावाचं मॉड्यूल सापडलं नाही.’ माणूस फ्लास्क पुन्हा टाकायला धावतो, आणि ‘पिप’ म्हणतं ‘इंटरप्रिटर चुकीचा, अशी फाइल नाही’, कारण पिपच्या फाइलच्या पहिल्या ओळीतही तोच जुना पत्ता. पिपची फाइल समोर दिसत असते आणि मशीन म्हणतं फाइल नाही. नसलेली फाइल पिप नाही, पिपच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं पायथन आहे.

कंसातल्या नावावर विश्वास ठेवू नका, ही यातली शिकवण. खरं काय चाललंय ते पायथनलाच विचारायचं. त्याच्यात ‘सिस प्रीफिक्स’ आणि ‘सिस बेस प्रीफिक्स’ असे दोन पत्ते असतात. दोन्ही वेगळे आले तर आपण आपल्या चुलीवर आहोत. सारखे आले तर दुसऱ्याच्या घरात.

गृहस्थ बाकावर बसले होते. भाची म्हणाली, “ॲक्टिव्हेट नक्को करो. चूल के अंदर का पायथन सीधा पूरा पता देके चलाओ.” आतलं पायथन आपल्या शेजारची एक छोटी फाइल वाचून आपण कुठल्या घरातले आहोत हे ओळखतं, म्हणून ते नाव बदलल्यावरही चालतं. चाललं. नाव टाकलं, खंड आला, पान आलं. फोटो मात्र आला नाही, कारण ‘पानं’ची लिंक मेलेलीच होती. पण फोटोची गरज नव्हती. क्लार्कनी कपाटातून तो खंड काढला, ते पान उघडलं आणि ओळ सापडली.

१९७२ ची नोंद. दुष्काळात बाप कामाच्या शोधात शहरात आलेला. जन्मस्थळाच्या रकान्यात गावाचं नाव आणि पुढं ‘ता. औसा, जि. उस्मानाबाद’. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत. उतारा मिळाला, गृहस्थ संध्याकाळच्या एसटीनं गेले.

मग खरी दुरुस्ती. सगळ्यात सोपा उपाय एका ओळीचा आहे, नव्या फोल्डरच्या शेजारी जुन्या नावाची एक लिंक ठेवून द्यायची. ‘एलएन -एस धाराशिव उस्मानाबाद’. एंटर दाबलं आणि सगळं एकदम चालू झालं. डेस्कटॉपचं चिन्ह, पानांचे फोटो, ॲक्टिव्हेट, पिप, सगळं. जुन्या नावानं येणारा प्रत्येकजण आता नव्या घरी पोचत होता. २१ बाइटची चिठ्ठी.

हा उपाय मला आवडला, पण भाची एवढ्यावर थांबायला तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. लिंकवर उभं राहिलेलं काम लिंकइतकंच टिकतं. उद्या कुणी ‘हे जुनं काय ठेवलंय’ म्हणून ती काढेल. लिंक काढल्यानं मूळ फोल्डरला काही होत नाही, पण तिच्या भरवशावरचं सगळं पुन्हा मरेल. किंवा कुणी उलट दिशेची दुसरी लिंक करेल. मग उस्मानाबाद म्हणेल धाराशिवकडं जा, धाराशिव म्हणेल उस्मानाबादकडं जा. लिनक्स अशा फेऱ्या ४० पर्यंत मारतो आणि मग ‘लिंकांचे फार थर झाले’ म्हणून सोडून देतो. नावाच्या दुरुस्तीसाठी दोन टेबलांमध्ये हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही. फरक एवढाच की मशीन चाळिसाव्या वेळी कबूल तरी करतं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. ‘पानं’ची लिंक नव्यानं केली, पण पूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता देऊन, ‘एक पायरी वर जा, शेजारचं फोटो फोल्डर’. आता वरच्या फोल्डरचं नाव पुन्हा बदललं तरी ती टिकेल, कारण तिच्यावर गावाचं नावच लिहिलेलं नाही. इथं एक लक्षात ठेवायचं, सापेक्ष पत्ता लिंक जिथं ठेवली आहे तिथून मोजतात. आपण टर्मिनलवर कुठं उभे आहोत त्याचा संबंध नाही. बहुतेक मुलं इथंच फसतात.

आणि चूल मोडली. लायब्रऱ्यांची आवृत्तीसकट यादी आधी ‘पिप फ्रीझ’नं एका फाइलमध्ये काढली, मग ‘चूल’ फोल्डर सरळ पुसलं, नव्या जागी नवी मांडली आणि यादीवरून लायब्रऱ्या पुन्हा आणल्या. पाच मिनिटं लागली. आतल्या एकेका फाइलमध्ये जुना पत्ता शोधून बदलत बसण्यात अर्थ नसतो. पायथनवाले स्वतःच सांगतात की एन्व्हायर्नमेंट ही उचलून दुसरीकडं नेण्याची वस्तू नाही, मोडून पुन्हा मांडण्याची आहे.

नंतरच्या महिन्यांत या चुलीनं आणखी तीनदा त्रास दिला. तेही सांगून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल.

एकदा सगळा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर कॉपी केला तर मधेच ‘परवानगी नाही’ आलं. परवानगीचा प्रश्नच नव्हता. पेनड्राइव्ह सहसा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत सिमलिंक नावाची वस्तूच नाही. पेनड्राइव्हवर कोड आणि लायब्रऱ्यांची यादी न्यावी, चूल नेऊ नये.

दुसऱ्यांदा मशीनवरचं उबुंटू २२.०४ चं २४.०४ केलं आणि प्रोग्राम पुन्हा म्हणाला, फ्लास्क नाही. या वेळी मेलेली लिंक एकही नव्हती. चुलीतलं पायथन मुख्य ‘पायथन३’कडं जात होतं आणि तिथं पोचतही होतं. पण आधी त्या नावामागं ३.१० होतं, आता ३.१२ आहे. लायब्रऱ्या ३.१० च्या कप्प्यात राहिल्या आणि नवं पायथन ३.१२ च्या कप्प्यात शोधत राहिलं. हा दोष सगळ्यात फसवा. लिंक जिवंत, नाव तेच, आतला माणूस मात्र बदललेला. उपाय तोच, चूल नवी मांडायची.

तिसरा दोष खास मराठी, आणि तो डीटीपीमुळं मला सापडला. एका फोल्डरचं नाव होतं ‘दुसऱ्या तुकडीची पानं’. लिंकवरही तेच लिहिलेलं. डोळ्यांना काडीचा फरक नाही, तरी लिंक मेलेली. ‘दुसऱ्या’मधला हा अर्धा र, चंद्रकोरीसारखा, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. फोल्डरचं नाव एका कीबोर्डवरून आलं होतं, लिंकवरचं नाव जुन्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून. लिनक्स अक्षरांचं रूप बघत नाही, बाइट मोजतो. तेव्हापासून आम्ही नावं हातानं टाइप करत नाही, दोन अक्षरं लिहून टॅब दाबतो आणि मशीनलाच पूर्ण करू देतो. नव्या फोल्डरांना तर ‘खंड-०३’ अशी साधी नावं दिली आहेत.

एवढं सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. जे दुरुस्त झालं नसतं ते थोडक्यात वाचलं.

त्याच उत्साही मुलानं पुढचा प्रस्ताव मांडला होता. टाइप केलेल्या सगळ्या नोंदींमध्ये ‘उस्मानाबाद’ शोधून ‘धाराशिव’ करून टाकायचं. एक कमांड, हजारो ओळी, एका सेकंदात काम. “सर, आता सरकारी नाव तेच आहे,” तो म्हणाला. वरवर पाहता त्याच्या म्हणण्यात चूक काही नाही.

मी त्याला पुण्याच्या त्या गृहस्थांची ओळ दाखवली. ‘ता. औसा, जि. उस्मानाबाद.’ १९७२ मध्ये औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि औसा तिकडं गेला. नामांतर झालं तेव्हा औशाचा या जिल्ह्याशी संबंध संपून चाळीस वर्षं झाली होती. त्याच्या कमांडनं काय झालं असतं? ‘ता. औसा, जि. धाराशिव.’ असा पत्ता सरकारी कागदावर एका दिवसासाठीसुद्धा खरा नव्हता. १९७२ मध्ये नाही, १९८२ मध्ये नाही, आज नाही. प्रोग्राममध्ये एक, रजिस्टरमध्ये दुसरं. आधीच दोन जन्मतारखांत अडकलेल्या माणसाच्या हातात आपण तिसरा घोळ दिला असता.

तो गप्प झाला, मग म्हणाला, “मग दोन्ही ठेवू.” तेच केलं. नोंदीचा रकाना जसाच्या तसा, शाईत जे आहे ते, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. त्याच्या बाजूला वेगळी यादी, हे ठिकाण आज कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात येतं. शोधताना उस्मानाबाद टाका, धाराशिव टाका, जुन्या हातानं लिहिलेलं ‘धारासिव’ टाका, ओळ सापडते. ही यादी त्यानंच बनवली, आणि ती माझ्यापेक्षा नीट बनवली.

ती बनवताना त्याला एक जुनी गोष्ट कळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं. पुढं ते निजाम घराण्यातल्या मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झालं. तेव्हाही कुणी नळदुर्गवाल्यांच्या कागदांसाठी चिठ्ठी ठेवली नसणार. १९४८ पर्यंत निजामी राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. एकाच घरात जन्मलेल्या आजोबा, बाप आणि नातवाच्या कागदांवर तीन जिल्हे आणि तीन राज्यं असू शकतात, आणि तिघंही खरं बोलत असतात.

नाव काय असावं यावर माझ्या मोहल्ल्यात एक मत नाही, तुमच्याही गल्लीत नसेल. ते ठरवण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनी ते ठरवलं. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या कामाबद्दल आहे. नाव बदलणाऱ्यानं जुन्या नावाची चिठ्ठी ठेवून जावी. फॉर्मच्या यादीत ‘धाराशिव’पुढं ‘पूर्वीचं उस्मानाबाद’ एवढे दोन शब्द घातले, तर किती माणसांच्या किती खेपा वाचतील. नावात शेख असलेल्या माणसाच्या एका कागदावर ‘शेक’ असतं, दुसऱ्यावर ‘शेख’. त्यात जन्मगावही दोन झालं की खिडकीतला माणूस मान वर करून बघतो. त्या बघण्याचं ओझं कागद घेऊन आलेल्यावर पडतं. नाव बदलणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

आणि यंत्र व नोंद यांत गल्लत करू नये. चूल बिनधास्त मोडावी, ती पाच मिनिटांत पुन्हा मांडता येते. रजिस्टरातली ओळ मोडली तर ती मांडणारे हात आता कब्रस्तानात किंवा स्मशानात आहेत.

शाळेचं काम अजून संपलेलं नाही. सगळ्यात जुने खंड उर्दूत आहेत. गावांची नावं शिकस्त वळणात लिहिलेली, कुठं नुक्ते आहेत, कुठं नाहीत. ते वाचू शकणारे शहरात मोजकेच उरलेत, आणि सगळे सत्तरीच्या पुढचे. भाची सुट्टीत आली की आम्ही दोघं त्यांच्यापैकी एका गुरुजींकडं जाऊन बसतो. ते वाचतात, मी टाइप करतो, ती तपासते. मागच्या खेपेला सतरा पानं झाली.